येळवस आणि कृष्णधवलचं बक्षीस

वेळ अमावस्येला आमच्याकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी लातुरातल्या दुकानांची शटरं सकाळीच खाली येतात. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात जातो, ज्याला नाही तो शेत असलेल्याकडे जातो, आणि दुपारी बाजारपेठेत कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपलं तरी त्याला कुणी उठवत नाही. ज्वारी कणसात आलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. शेतात कडब्याची खोप करून पूजा होते, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी आणि आंबील पोटभर होते, आणि दिवस कलला की कडब्याची पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात. सगळा जिल्हा त्या दिवशी सुखात असतो. मी मात्र चार वर्षांपासून येळवशीला एका माणसाच्या नावानं बोटं मोडते. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला समंजस बाई समजणार नाही.

यंदाही पहाटे आंबिलीसाठी ताक घुसळलं. ज्वारीचं पीठ, आंबूस ताक, ठेचलेला लसूण, जिरं. मडक्यात ते ओतताना जो वास उठतो त्यानं लहानपण आठवावं, माहेर आठवावं. मला विक्रांत सर आठवतात. त्यांनी माझ्या सणाचा वाससुद्धा ठेवला नाही.

माझं माहेर नांदेडचं. गोदावरीकडे उतरणाऱ्या एका गल्लीत माझ्या काकांचा फोटो स्टुडिओ होता. काकांनी लग्न केलं नाही, तेव्हा शाळेतून सुटलेली पुतणी हाच त्यांचा प्रपंच. बायकांचे फोटो काढायला दुकानात मुलगी असली की बायका मोकळ्या बसतात, म्हणून त्यांनी मला हाताशी घेतलं आणि मग शिकवायचं थांबलेच नाहीत. आतल्या खोलीतला लाल दिवा, हायपो नावाच्या रसायनाचा नाकात बसणारा आंबट वास, औषधाच्या पाण्यात हलवता हलवता कोऱ्या कागदावर आधी केस, मग डोळे, मग नाक असा वर येणारा चेहरा. गणिताच्या पेपरात मला जे कधी कळलं नाही ते त्या खोलीत कळत गेलं.

काकांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेली एक तपकिरी पिवळी काच असे. औषधाच्या जुन्या बाटलीची वाटावी अशी. फोटो काढण्याआधी ते एक डोळा मिटून त्या काचेतून समोरचं बघत. काचेतून बघितलं की रंग एकमेकांत विरून जातात आणि उरतो फक्त उजेड कमी की जास्त एवढा फरक. "पोरी, ह्यातून बघ," ते म्हणत. "लाल लुगडं अन् मागचं झाड एकच दिसून राहिलं का? मंग तो फोटू काढूच नको." लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसले तरी कृष्णधवलमध्ये सख्खे भाऊ होऊन बसतात. पिवळा तिथे पांढऱ्याच्या जवळ जातो. पांढरं धोतर उन्हात नुसतं भगभगतं, त्याच्या चुण्या दिसत नाहीत, म्हणून ते आधी चहाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं. हे सगळं मला काकांनी शिकवलं आणि लग्न होऊन मी लातूरला निघाले तेव्हा ती काच स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली.

काकांचं दुसरं वेड म्हणजे सिनेमातल्या कॅमेरावाल्यांची बक्षिसं. लोक नट-नट्यांची चित्रं जमवत, काका कॅमेऱ्याच्या बक्षिसांची कात्रणं जमवत. आपल्या घराण्याचे मूळपुरुष सांगावेत तसा तो इतिहास ते गिऱ्हाइकांना ऐकवत आणि गिऱ्हाईक ओठ न हलवता तसंच बसलेलं असल्यामुळे त्याला ऐकण्यावाचून इलाज नसे. आधी सगळा सिनेमाच कृष्णधवल, तेव्हा बक्षीस एकच. रंग आले तेव्हा दोघांची तुलना बरी नाही म्हणून दोन वेगळी बक्षिसं झाली. परदेशात मधे एकदा ती एकत्र केली, पुन्हा वेगळी केली आणि शेवटी कायमची एकत्र करून टाकली. आपल्याकडेही कृष्णधवल छायालेखनाचा आणि रंगीत छायालेखनाचा असे दोन मान असत. मग कृष्णधवल सिनेमेच बोटांवर मोजण्याइतके उरले आणि तो मान गाजावाजा न होता यादीतून गेला. "वाटण्या झाल्या," काका म्हणत. "धाकल्याला घर भेटलं, थोरल्याला ओटा. अन् मंग ओटाबी गेला."

म्हणून काही वर्षांपूर्वी मुंबईच्या एका संस्थेनं कृष्णधवल छायालेखनाचं वेगळं बक्षीस पुन्हा सुरू केलं, तेव्हा मी आधी काकांना फोन लावला. अट त्यांना दोनदा वाचून दाखवली. चित्रण मुळातच कृष्णधवल हवं, जुन्या फिल्मवर किंवा रंग टिपतच नाही अशा कॅमेऱ्यावर. रंगीत घेऊन मागाहून रंग काढलेलं चालणार नाही. मग काका म्हणाले, "लई चांगलं झालं. म्या मरायच्या आत झालं." ऐंशी ओलांडलेल्या माणसाच्या आवाजात इतका आनंद मी त्याआधी ऐकला नव्हता.

त्याच हिवाळ्यात छायालेखक विक्रांत सरांचं युनिट पुण्याहून आमच्या जिल्ह्यातल्या मुरुडला आलं. मुरुडच्या शिवारात काशीबाई नावाच्या बाईंच्या शेतावर कृष्णधवल सिनेमाचं चित्रीकरण होतं, आणि फोटोतलं थोडं कळणारं कुणी स्थानिक सहायक त्यांना हवं होतं. मी लातुरातल्या माझ्या छोट्या स्टुडिओला कुलूप लावलं आणि गेले. पासपोर्टचे निळ्या पडद्यापुढचे चेहरे काढून काढून मला कंटाळा आला होता. मुरुडला सकाळची थंडी कान कापत होती. ज्वारीच्या पानांवरचं दव साडीच्या निऱ्या भिजवत होतं. करडईचे काटे पायाला लागत होते आणि तरीही मी नव्या नवरीसारखी खुशीत होते.

पहिल्याच दिवशी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर ज्वारी हिरवीगार आणि नटीचं लुगडं लालभडक.

"सर, हे रंगीत आहे," मी म्हणाले.

"काढून टाकू ना नंतर," विक्रांत सर म्हणाले. "तसला कॅमेरा वेळेत मिळाला नाही. आता सगळे असंच करतात, ताई."

काकांना दाखवावा म्हणून मी त्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला. पुढच्या आठवडाभरात आणखी पाच काढले. काकांना एकही पाठवला नाही. त्यांना वाईट वाटेल, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

विक्रांत सर वाईट माणूस दिसत नव्हते, हाच घोटाळा. वयानं माझ्याहून धाकटे, बोलायला गोड, सगळ्यांना अहो-जाहो. म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करणाऱ्याचं धोतर मी न विचारता चहात बुडवलं, तेव्हा ते आधी हसले आणि संध्याकाळी माझ्याकडून नीट समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी ते युनिटला स्वतःचं म्हणून समजावून देत होते. मी ऐकलं आणि मला बरंच वाटलं. शिकवलेलं कुणी शिकतंय याचाही एक आनंद असतो, आणि त्या आनंदात बाई मूर्ख बनते.

मग येळवस आली. सरांना दुपारची पूजा टिपायची होती. खोपीवर टाकलेली शाल, पूजेचं कुंकू, नटीचं लाल लुगडं, मागे उभी ज्वारी. पडद्यावर ते कॅलेंडरवर छापावं इतकं छान दिसत होतं. मी काच डोळ्याला लावली आणि नटी ज्वारीत विरून गेली. शेजारी काशीबाई उभ्या होत्या, त्यांनी काच मागितली. सत्तरीची बाई, हातात भज्जीचा डाव. एक डोळा मिटून त्यांनी बघितलं.

"बाई कुटं गेली ओ?" त्या म्हणाल्या. "हितं हुबी हाय अन् ह्यात तर दिसंना. लाल नेसवून जवारीत लपवायलाव का तिला?"

सगळे हसले, सरही हसले. मी मात्र धीर करून बोलले. म्हणाले, सर, दुपार जाऊ द्या. संध्याकाळी ही माणसं पेंढी पेटवून पिकाभोवती फिरवतात. सूर्य खाली गेलेला असेल, धूर त्याच्या आणि आपल्या मधे येईल, आणि धुरामागे उजेड असला की धूर पांढरा होतो. ज्वारी काळी पडेल. बाईला फिकं लुगडं नेसवा. काशीबाई घरी गेल्या आणि धुऊन धुऊन हळदीच्या पाण्यासारखं झालेलं आपलं पिवळं लुगडं घेऊन आल्या.

ती संध्याकाळ मी किती वेळा आठवली असेल. शिवारभर सगळ्या शेतांतून धूर उठत होता आणि लांबून पोरांच्या आरोळ्या येत होत्या. जळत्या कडब्याचा गोडसर करपट वास, हाताला गार पडलेली आंबिलीची मातीची बिंदगी, आणि बांधावरून पेंढी घेऊन चालत जाणारी ती बाई. एका बाजूनं मी आणि काशीबाई पांढरी चादर ताणून धरून तिच्या चेहऱ्यावर उजेड परतवत होतो. धूर तिच्या मागे भिंतीसारखा उभा राहिला. कणसं काळी, धूर पांढरा, आणि मधे लुगड्याचा जो करडा होता तो मी स्वतः निवडलेला होता. काशीबाईंचे हात दुखायला लागले होते, तरी त्या हलल्या नाहीत. उजेड गेला तेव्हा मी रडत होते.

विक्रांत सरांनी माझे दोन्ही हात धरले. काशीबाईंच्या समोर म्हणाले, "ताई, सह-छायालेखन म्हणून तुमचं नाव लागेल. माझ्या नावाच्या खाली, लगेच." आणि मग म्हणाले, "ही काच थोडे दिवस ठेवू का?" मी गळ्यातला दोरा काढून त्यांना दिला. गळ्यातलं मंगळसूत्र मागितलं असतं तर त्या घटकेला तेही दिलं असतं.

सिनेमा लातूरला लागला तेव्हा मी यजमानांना घेऊन पहिल्या खेळाला गेले. शेवटी पाट्या सरकायला लागल्या. छायालेखन : विक्रांत सर. त्याखाली ध्वनी. त्याखाली वेशभूषा. लोक उठून आडवे उभे राहिले, मी त्यांच्या बगलेतून वाचत राहिले. अगदी तळाला होतं : विशेष सहकार्य, मुरुडचे ग्रामस्थ. मी मुरुडची ग्रामस्थही नाही.

बक्षिसाचा समारंभ आम्ही दुकानात मोबाइलवर बघितला. कृष्णधवल छायालेखनाचं बक्षीस जाहीर झालं, आणि मागे मोठ्या पडद्यावर माझी संध्याकाळ लागली. विक्रांत सर काळा कुर्ता घालून वर आले. गळ्यात काळा दोरा, दोऱ्याला काकांची काच. ते म्हणाले, धुराची कल्पना त्यांना एका पहाटे एकट्यानं बांधावर बसलेले असताना सुचली. ते म्हणाले, हे बक्षीस मराठवाड्याच्या काळ्या मातीला. टाळ्या झाल्या. मातीला बोलता येत नाही, मातीला पाटीवर जागा लागत नाही, आणि माती फोन करून जाब विचारत नाही, तेव्हा मातीचे आभार मानणं सगळ्यात सोयीचं.

मी फोन केला. "ताई, सिनेमा म्हणजे टीमवर्क असतं हो," ते म्हणाले. "नाव काय, आज आहे, उद्या नाही. आणि ती काच? कुठेतरी असेल, पाठवतो." ती अजून आलेली नाही.

त्यानंतरचे चार दिवस मी जेवले नाही म्हणणार नाही. चांगली जेवले. ज्याला सूड घ्यायचा आहे त्यानं उपाशी राहून चालत नाही. मी बक्षिसाची नियमावली मागवली, सरांनी भरलेल्या अर्जात काय लिहून द्यावं लागतं ते वाचलं. मूळ चित्रण कृष्णधवल आहे अशी प्रतिज्ञा, खाली सही. मोबाइलमधले सहा फोटो मोठे छापून घेतले. हिरवी ज्वारी, लाल लुगडं, कॅमेऱ्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात तारीख, आणि एका फोटोत पडद्याकडे बोट दाखवणारे खुद्द विक्रांत सर. पत्र माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं. एकही वाईट शब्द घातला नाही. यजमान म्हणाले, "कशाला लागायलीस त्याच्या नादी? झालं ते झालं." मी म्हटलं, झालेलं नाही, आता होणार आहे. पाकीट चिकटवताना मला जे समाधान झालं ते दोन बाळंतपणांत झालं नव्हतं. हे वाचून कुणाला माझी भीती वाटली तर वाटू दे.

दोन आठवड्यांनी संस्थेतून एका वयस्कर गृहस्थांचा फोन आला. बोलणं सभ्य, थकलेलं. म्हणाले, "ताई, तुमचं खरं दिसतं आहे. पण हे काढलं तर बाकीच्या प्रवेशिकाही तपासाव्या लागतील, आणि मला माहीत आहे त्यात काय निघेल. विभागच बंद करावा लागेल. किती वर्षांनी सुरू केलाय आम्ही. मी त्यांना तुमचं नाव जाहीर घ्यायला सांगतो, तुम्ही तक्रार मागे घ्या."

मी दुकानाच्या पायरीवर उभी होते. समोरून उसाचा ट्रॅक्टर चालला होता, त्याच्या आवाजात मला विचार करायला बराच वेळ मिळाला. मला काका आठवले. फोनवरचा त्यांचा तो आवाज आठवला. हा एक मान परत आलेला बघायला तो माणूस आयुष्यभर थांबला होता, हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि मग मला विक्रांत सर आठवले, दबावाखाली, नाइलाजानं, ओठ मुडपून माझं नाव घेताना. तसलं नाव मला नको होतं. मला ते बक्षीस त्यांच्या कपाटातून बाहेर पडलेलं बघायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "तक्रार राहू द्या."

बक्षीस परत घेतलं गेलं. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. एका स्थानिक सहायकाच्या तक्रारीवरून, असं लिहिलं होतं, तिथेही नाव नाही. विक्रांत सरांचे एका दिवसात अकरा फोन आले. प्रत्येक वेळी मी मोबाइल गल्ल्यावर उताणा ठेवून त्यांचं नाव वाजताना बघत बसले. त्यांचा पुढचा सिनेमा दुसऱ्या कुणाला गेला म्हणतात. मला आनंद झाला, आणि त्या आनंदाला कुठेही कीड नव्हती. मग बाकीच्या प्रवेशिका तपासल्या गेल्या. सगळ्यांनीच रंगीत घेऊन रंग काढला होता. या वर्षी बक्षिसांची यादी आली त्यात कृष्णधवल छायालेखन हा विभागच नव्हता. एकदा रंगामुळे गेलेला मान दुसऱ्यांदा माझ्यामुळे गेला.

काकांना दुसऱ्याकडून कळू नये म्हणून येळवशीच्या दुसऱ्याच दिवशी मी नांदेडची एसटी धरली. अहमदपूरच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती. आदल्या दिवशीचं उरलेलं आंबील मी बरणीत घेतलं होतं, ते घाटात हिंदकळत होतं. स्टुडिओ केव्हाच बंद झालाय, काका आता पुढच्या खोलीत खाटेवर असतात. त्यांनी वाटीभर आंबील घेतलं, मिटक्या मारल्या, माझ्या पोरांची चौकशी केली. मग मी सांगायला सुरुवात केली. काही लपवलं नाही. चादर, धूर, पाटी, काळी माती, पत्र, संस्थेतला फोन आणि मी दिलेलं उत्तर. काकांनी मधे एकदाही अडवलं नाही. विभाग बंद झाल्याचं ऐकलं तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून बसले आणि मला वाटलं, आता हे माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत.

मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यानं तुझी चोरी केली. त्याला सजा झाली, बेस झालं. त्याच्याबद्दल मला काय बी वाटून न्हाई राहिलं."

"मग?"

"ते रंगीत हाय, हे तुला कवा कळलं?"

"पहिल्या दिवशीच, काका."

"मंग तवाच का न्हाई बोलली? काचेतनं बघायला म्या शिकवलं व्हतं तुला. मला फोन बी न्हाई केला."

काकांना वाईट वाटेल म्हणून, हे उत्तर माझ्या ओठांवर होतं. चार वर्षं ते मी जवळ बाळगलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडे बघून ते बाहेर पडेना.

"आधी काम जाईल म्हणून. मग माझं नाव येणार होतं," मी म्हणाले.

काकांनी वाटी खाली ठेवली. "म्हंजे पाटीवर तुझं नाव आलं असतं," ते सावकाश म्हणाले, "तर त्या खोट्या बक्षिसाची टाळी तू बी वाजवून राहिली असती."

विक्रांत सरांवरचा माझा राग आजही तेवढाच आहे. ते पत्र पुन्हा लिहायची वेळ आली तर याच अक्षरात पुन्हा लिहीन, तेच सहा फोटो जोडीन. पण काकांना मी हो म्हणाले, त्यांच्याच बोलीत, "हाव."